सुला, यॉर्क की वालोने? एकच दिवस असेल तर

मुंबई-पुण्याचं कोणी भेटलं की हाच प्रश्न, अरे एकच दिवस आहे, कुठली वायनरी करू? बाहेरच्यांना नाशिक म्हणजे रामकुंड आणि मिसळ, त्यात वाईन कुठून आली असं वाटतं, पण द्राक्षं आमच्याकडे आधीपासूनच, फक्त खायची, थॉमसन वगैरे जातीची. वाईनची द्राक्षं वेगळी, बारीक, बीवाली, जाड सालीची.

तर सुला. 2000 साली पहिली वाईन काढली, गंगापूर धरणाच्या बाजूला, शहरापासून जवळ. टूर, टेस्टिंग, जेवण, फोटो सगळं एकाच जागी. मोठा ग्रुप आहे आणि त्यातले निम्मे पिणारे नाहीत, तर डोकं न लावता इथेच जा. फक्त शनिवार-रविवार टाळा, अर्धी मुंबई तिथेच असते.

यॉर्क तिकडेच, पण लहान. नाव ऐकून इंग्लंड आठवतं, प्रत्यक्षात ती सुरू करणाऱ्या गुरनानींच्या तीन मुलांची अक्षरं आहेत, योगिता, रवी, कैलाश. 2021 मध्ये सुलानेच ती घेतली, त्यामुळे 'घरची छोटी वायनरी' बघायची म्हणून जाणार असाल तर ते आता तसं नाही. संध्याकाळी धरणाकडे बघत बसायला मात्र मस्त.

माझं मत वालोनेला. इगतपुरी तालुक्यात कावनईला, हो तेच कपिलधारा तीर्थवालं कावनई, मुकणे धरणाजवळ. मुंबईहून येताना कसारा घाट चढला की हे नाशिकच्या आधीच येतं, उगाच शहरात येऊन परत मागे जाऊ नका. पसारा लहान, म्हणून प्रश्न विचारायला वाव मिळतो. रेड सालीसकट आंबवतात, व्हाइटचा आधी रस काढून घेतात, म्हणजे रंगाचा सगळा खेळ सालीचा, हे टाकीपाशी उभं राहून ऐकलं ना की पुढचा ग्लास वेगळाच लागतो. नुसती धमाल हवी असेल तर मात्र इथे कंटाळाल.

आणि कुठेही जा, जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा तोडणी आणि क्रशिंग चालू असतं. पावसाळ्यात इगतपुरी भारी दिसते पण वेलीवर घड नसतात, घड धरावेत म्हणून करतात ती फळछाटणीच पाऊस सरता सरता होते. मी एकदा जुलैत एका छोट्या वायनरीत न विचारता धडकलो, टाक्या रिकाम्या, माणूस एकच आणि तोही घरी निघालेला. म्हणून आधी फोन करा, आणि आषाढी एकादशीला तर नकोच, ड्राय डे असतो.