टेलिकॉलिंग एजन्सी लावावी का? आधी यादी बघा

टेलिकॉलिंग एजन्सीच्या कोटेशनमध्ये सगळ्यात ठळक असतो तो दिवसाला किती कॉल होतील याचा आकडा. नेमका तोच सगळ्यात कमी कामाचा. नंबर फिरवायचं काम आता सॉफ्टवेअर करतं; त्यालाच डायलर म्हणतात. फोन उचलला जाईल का, आणि उचलणारा माणूस निर्णय घेणारा असेल का, हे यादीवर ठरतं.

समजा, विकत घेतलेल्या १००० नंबरांपैकी १५० उचलले गेले, ३० जणांनी मिनिटभर ऐकून घेतलं, तिघांनी माहिती मागवली आणि एकाने खरेदी केली. पगार, डायलर, यादी, देखरेख असा हजार कॉलचा सगळा खर्च त्या एका विक्रीवर पडतो. त्या विक्रीतला नफा तेवढा खर्च भरून काढणार नसेल, तर टेलिकॉलर कितीही गोड बोलला तरी गणित जमत नाही. कमी किमतीच्या, एकदाच विकल्या जाणाऱ्या मालासाठी अनोळखी लोकांना फोन करणं म्हणूनच तोट्यात जातं.

डायलर कोणता वापरणार, हे एजन्सीला विचाराच. प्रेडिक्टिव्ह डायलर टेलिकॉलर मोकळा व्हायच्या आतच एकदम अनेक नंबर लावतो; बरेच जण उचलणार नाहीत, असं तो धरून चालतो. अंदाज चुकला की उचलणाऱ्याला नुसती शांतता ऐकू येते. त्यात समोर माणूस आहे की रेकॉर्डिंग, हे ओळखणारी सोय चालू असेल तर आणखी क्षण-दोन क्षण जातात. दोनदा 'हॅलो' म्हणून माणूस फोन ठेवतो. एकाच नंबरावरून असे काही सेकंदांत तुटणारे कॉल ढिगाने गेले आणि लोकांनी तक्रारी नोंदवल्या, की कॉलर आयडी ॲप त्या नंबरावर 'स्पॅम'चा शिक्का मारतात. एजन्सी मग नवा नंबर घेते आणि त्याचीही तीच गत होते. प्रिव्ह्यू डायलरमध्ये टेलिकॉलर आधी ग्राहकाची नोंद वाचतो, मग फोन लावतो. कॉल कमी होतात, पण महाग किंवा समजावून सांगावं लागणाऱ्या वस्तूसाठी हाच घ्यावा.

पैसे वसूल होतात ते ओळखीच्या यादीवर. चौकशीचा फॉर्म भरणाऱ्याला काही मिनिटांत फोन गेला तर विषय त्याच्या डोक्यात ताजा असतो. दुसऱ्या दिवशी त्याला फॉर्म भरल्याचंही आठवत नाही. नूतनीकरणाची मुदत जवळ आलेले आणि मध्येच खरेदी थांबवलेले जुने ग्राहक, यांच्यासाठीही फोन आजही चांगलाच चालतो.

स्क्रिप्टबद्दल एवढंच की पहिल्या वाक्यात नाव, कंपनी आणि फोनचं कारण यायला हवं. 'आज कसे आहात?' ने सुरुवात झाली की समोरच्याला पुढचं सगळं कळून चुकतं.

खरी फसगत करारात होते. दर लीडमागे, म्हणजे खरेदीची शक्यता असलेल्या प्रत्येक माणसामागे, पैसे ठरले की 'बरं, पाठवा माहिती' म्हणून सुटका करून घेणारासुद्धा लीड ठरतो. म्हणून लीड कशाला म्हणायचं ते आधीच लिहून घ्या: बोललेला माणूस निर्णय घेणारा आहे, गरज त्याने स्वतः सांगितली आहे आणि पुढच्या बोलण्याची तारीख-वेळ ठरली आहे. 'सध्या नको' आणि 'पुन्हा फोन करू नका' या नोंदी वेगळ्याच हव्यात. दुसऱ्या नोंदीतला नंबर त्याच दिवशी सगळ्या याद्यांमधून निघाला पाहिजे. नको म्हणणाऱ्याला पुन्हा फोन न करण्याचा अनेक देशांत कायदाच आहे, आणि फोनवर नाव तुमच्या कंपनीचं घेतलं जात असल्याने तक्रारही तुमच्याच नावाने होते.

चाचणी स्वतःच्या यादीतल्या २०० नावांवर, दोन आठवडे घ्या. रोज प्रत्येक कॉलच्या निकालाची कच्ची नोंद मागा, नुसती बेरीज नको. आठवड्याला २० रेकॉर्डिंग ऐका, आणि ती कोणती ऐकायची हे तुम्ही ठरवा. एजन्सीने निवडून दिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ग्राहक हसतमुखच असतो.