फियाट ५००: सहा मॉडेलं, एक सल्ला

जुनी फियाट ५०० घ्यायची आणि खरोखर चालवायची असेल, तर १९६५ ते १९७२ या काळातली 'एफ' घ्यावी, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. त्याआधीची 'डी' जास्त देखणी आहे, नंतरची 'आर' जास्त दमदार, आणि १९५७ची पहिली गाडी इतिहास म्हणून सगळ्यांत मोलाची. पण रोजच्या वापराला एफ. हे पटायला मात्र गाडीचा इतिहास माहीत असावा लागतो, कारण या गाडीतले गुण आणि दोष एकाच ठिकाणाहून येतात: फियाटनं काटकसर कुठं केली, तिथून.

युद्धानंतरची इटली व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटावर फिरत होती. नवरा-बायको आणि मधे मूल, पाऊस आला की तिघंही भिजणार. फियाटची जुनी छोटी गाडी 'तोपोलिनो' १९३६पासून चालत आलेली, ती १९५५मध्ये बंद झाली. त्याच वर्षी आलेली फियाटची ६०० चांगली होती, पण तिची किंमत ५ लाख ९० हजार लिरा. स्कूटरवाल्याला तेवढीही उडी झेपत नव्हती. मधली ही जागा भरायचं काम फियाटचे इंजिनिअर दान्ते जाकोसा यांच्याकडे आलं. तोपोलिनो आणि ६०० दोन्ही त्यांच्याच हातच्या.

त्यांनी वजनापासून सुरुवात केली. इंजिन मागं ठेवलं, म्हणजे गाडीभर जाणारा प्रॉपेलर शाफ्ट गेला. इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटर, पाणी, पंप, होज सगळंच गेलं. चारऐवजी दोन सिलिंडर. ६६ मिलिमीटर बोअर, ७० मिलिमीटर स्ट्रोक, ४७९ सीसी, १३ अश्वशक्ती. बॉडीचे गोल वळसे फक्त शोभेचे नाहीत. पातळ पत्र्याला वळण दिलं की तो ताठ होतो, सपाट पत्रा तेवढाच ताठ करायचा तर जाड घ्यावा लागतो. छताचा मोठा भाग कापडी ठेवल्यानं पत्रा वाचला, आणि दोन सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज डब्यासारखा आत घुमायचा तोही वरून निघून गेला. लांबी २.९७ मीटर, रुंदी १.३२ मीटर, वजन पाचशे किलोच्या आत. १९५९मध्ये या गाडीला 'कोम्पासो दोरो' हा डिझाइनचा मोठा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

४ जुलै १९५७ रोजी तुरिनमध्ये गाडी लोकांपुढं आली. किंमत ४ लाख ९० हजार लिरा. आणि खप थंड!

कारण गाडीत बसलं की कळतं. पहिल्या गाडीत बाजूच्या मोठ्या काचा उघडतच नव्हत्या, पुढच्या छोट्या त्रिकोणी काचेतून येईल तेवढी हवा. मागं सीट नव्हती, नुसतं बाकडं. क्रोम नाही, सजावट नाही. वरचा वेग ताशी ८५ किलोमीटर. गिऱ्हाइकानं साधा हिशेब केला: आणखी एक लाख लिरा घातले तर चार माणसांची, चार सिलिंडरची, ६३३ सीसीची ६०० मिळते, आणि हप्ते दोन्हीकडे आहेतच. गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते, पण आपण गरीब आहोत असं दारात उभी राहून सांगणारी वस्तू नको असते. फियाटनं हे काही महिन्यांतच ओळखलं. १९५७ संपायच्या आत 'इकोनोमिका' आणि 'नोर्माले' अशा दोन आवृत्त्या आल्या, इंजिन १५ अश्वशक्तीचं झालं आणि नोर्मालेच्या काचा हँडलनं खाली होऊ लागल्या. १९५८मध्ये ४९९.५ सीसीची २१ अश्वशक्तीची 'स्पोर्ट' आली. त्याच वर्षी गाड्या सुधारून वेगवान करणारे कार्लो आबार्थ यांनी सुधारलेली ५०० इटलीतल्या मोन्झाच्या रेस ट्रॅकवर आठवडाभर रात्रंदिवस पळवून विक्रम केले. एवढंसं इंजिन टिकतं का, या शंकेला हे चोख उत्तर होतं.

खरी ५०० मात्र १९६०च्या 'डी'पासून सुरू होते. इंजिन ४९९.५ सीसी, १७.५ अश्वशक्ती, वेग ९५च्या घरात, कापडी छत आखूड. दारांच्या बिजागऱ्या अजून मागच्या बाजूला, म्हणजे दार पुढून उघडणार. चढायला-उतरायला सोयीचं, पण चालत्या गाडीत खटका सुटला तर वारा दार उपटून काढणार. १९६५च्या 'एफ'मध्ये बिजागऱ्या पुढं आल्या, इंजिन १८ अश्वशक्तीचं झालं. हीच सगळ्यांत जास्त बनली, म्हणून हिचे सुटे भाग सगळ्यांत सहज मिळतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१७मध्ये संग्रहासाठी निवडली तीही एफच.

१९६८ची 'एल' म्हणजे 'लुस्सो': एफचंच यंत्र, वर बंपरला जोडलेल्या क्रोमच्या नळ्या, चांगल्या सीटा, चौकोनी मीटर आणि पेट्रोलचा काटा. हा काटा महत्त्वाचा, कारण एफमध्ये तो नाही. टाकी संपत आली की फक्त लाल दिवा लागतो. १९७२ ते १९७५ची 'आर' फियाटच्याच १२६ या नंतरच्या छोट्या गाडीच्या ५९४ सीसी इंजिनावर चालते. ते मुद्दाम मवाळ करून १८ अश्वशक्तीवरच ठेवलेलं, तरी खालच्या वेगात ओढ जास्त. चढावर फरक लगेच जाणवतो. 'जार्दिनिएरा' ही मागं सामानाला जागा असलेली भावंड गाडी. तिचं इंजिन आडवं झोपवून सामानाच्या तळाखाली घातलंय आणि चाकांमधलं अंतर दहा सेंटिमीटरनं वाढवलंय. ती १९७७पर्यंत बनत राहिली, शेवटपर्यंत जुन्या पद्धतीच्या दारांसकट. सामान न्यायचं असेल तर उत्तम, पण टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हचं अंतर, सेट करायला हात घालायचा तर सामानाचा तळ आधी रिकामा करावा लागतो.

चालवताना पहिला अडथळा गिअरचा. चार गिअर, एकालाही सिंक्रो (गिअर बदलताना दातांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही, आरमध्येसुद्धा नाही. वर जाताना क्लच दाबून न्यूट्रलला आणायचं, क्षणभर थांबायचं, मग पुढचा गिअर. खाली येताना डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक छोटा झटका, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच. हे अंगवळणी पडलं की लिव्हर लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो. ज्यांना नकोच असेल ते १२६चा सिंक्रोवाला गिअरबॉक्स बसवून घेतात. शहरातल्या गर्दीत रोज चालवणाऱ्याला हा बदल समजण्यासारखा आहे, पण मूळ गिअरबॉक्स फेकून देऊ नये, गाडीबरोबर जपून ठेवावा.

घेताना गिअरबॉक्सची परीक्षा अशी. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३०च्या आसपास जा आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडा. लिव्हर उडी मारून न्यूट्रलला आला, तर आतले दात गोलावलेत. कुणीतरी वर्षानुवर्षं डबल क्लच न करता गिअर कोंबलेत, आणि आता गिअरबॉक्स खोलण्यावाचून इलाज नाही.

स्टार्टरचं बटण शोधू नका. गिअर लिव्हरच्या मागं, दोन सीटांच्या मधे जमिनीवर दोन छोटे लिव्हर आहेत, एक चोकचा, दुसरा स्टार्टरचा. किल्ली फिरवायची, थंड इंजिन असेल तर चोक ओढायचा आणि मग स्टार्टरचा लिव्हर वर खेचायचा. केबल ताणली गेली असेल तर स्टार्टर अर्धवट गुंततो आणि दात घासल्याचा आवाज येतो. दोष मोटरचा समजून लोक मोटर बदलतात. आधी केबल बघा.

इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट सोडून बाकी सगळं माफ आहे, आणि ती म्हणजे फॅन बेल्ट. थंड हवा फेकणारा पंखा डायनॅमोच्याच शाफ्टवर बसवलेला आहे. बेल्ट तुटला की चार्जिंगही बंद आणि कूलिंगही बंद. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही. सूचना एकच, डायनॅमोचा लाल दिवा. इतर गाड्यांत हा दिवा लागला तर घरापर्यंत जाता येतं. इथं तो लागला की गाडी तिथंच बाजूला घ्यायची, नाहीतर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतात. बेल्ट ताणायला डायनॅमो सरकवायचा नसतो. पुली दोन अर्धांची आहे आणि त्यांच्या मधे पातळ वॉशर आहेत. पुलीचे नट काढून मधला एक वॉशर बाहेरच्या बाजूला घातला की दोन्ही अर्ध जवळ येतात आणि बेल्ट वर चढून ताणला जातो. बोटानं दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. फार ताणला तर डायनॅमोचं बेअरिंग जातं. काढलेला वॉशर फेकायचा नाही, नवा बेल्ट घालताना तो परत मधे जातो. एक जादा बेल्ट गाडीत असलाच पाहिजे.

तसंच सिलिंडरभोवतीचं पत्र्याचं आवरण. दुरुस्तीत काढलेलं परत नीट न बसवलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. ते आवरण म्हणजेच या इंजिनाचा रेडिएटर. फट राहिली की हवा सिलिंडरच्या पंखांवरून न जाता बाहेर निसटते. आवरणात थर्मोस्टॅटवर चालणारी एक झडप आहे, इंजिन तापलं की ती उघडायला हवी. गंजून बंद अवस्थेत अडकली तर उन्हाळ्यात इंजिन होरपळतं.

तेलाची गळती जवळपास प्रत्येक गाडीत सापडेल: टॅपेट कव्हरचं गॅस्केट, पुशरॉडच्या नळ्यांची रबरी सीलं आणि पुलीमागचं ऑइल सील. केबिनमध्ये येणारा हीटरचा वारा याच इंजिनावरून फिरून येतो, म्हणून आत जळक्या तेलाचा वास आला तर आधी नळ्यांची सीलं तपासा. धुराचा वास आला तर हेड गॅस्केट आणि एक्झॉस्टचे जोड बघितल्याशिवाय हीटर उघडू नका. तो वारा माणसांच्या श्वासात जातो.

बदलायचा ऑइल फिल्टर या इंजिनाला नाही. क्रँकच्या पुलीच्या आत एक पोकळी आहे, फिरण्याच्या जोरानं घाण तिच्या कडेला जाऊन चिकटते. कव्हर काढल्यावर आत काळ्या मातीसारखा घट्ट थर निघतो. तो कधीच साफ न केलेल्या गाडीत नवं तेल घालून काही उपयोग नाही. तीन हजार किलोमीटरला तेल बदलावं, त्याहून लांबवू नये.

टॅपेटचं अंतर थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर. दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात, त्यामुळं पिस्टन वर आहे एवढं बघून चालत नाही. ज्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत तो सिलिंडर आधी सेट करायचा, मग क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून दुसरा. ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनच्या पॉइंटचं अंतर ०.४७ ते ०.५३ मिलिमीटर. एवढं नीट असेल तर एफ लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास देते आणि सपाट रस्त्यावर ताशी ७५-८०नं तासन् तास जाते. त्यापुढं दामटू नये.

पुढच्या चाकांना एकच आडवा पाटा आहे, स्प्रिंगचंही काम तोच करतो आणि खालच्या आर्मचंही. किंगपिनला, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं तिला, ग्रीस वेळेवर मिळालं नाही तर स्टेअरिंग जड होतं आणि पिन झिजते. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावरही खेळ राहिला तर किंगपिन, गेला तर बेअरिंग. मागच्या टायरमध्ये हवा पुढच्यापेक्षा जास्तच हवी. वजन मागं आहे, सारखी हवा भरली तर वळणावर मागचं टोक बाहेर पळतं.

आता गंज. इंजिन नवं करणं स्वस्त, पत्रा नवा करणं महाग, म्हणून पैसे पत्रा बघून द्यावेत. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, फ्लोअर आणि दाराखालचे सिल हेच तिचा कणा. रबरी मॅट उचला, कारण कापडी छतातून झिरपलेलं पाणी तिच्याखालीच साठतं. पुढच्या झाकणाखाली स्टेपनी आणि बॅटरी काढून तळ बघा, बॅटरीचं ॲसिड तिथला पत्रा खातं. पुढच्या काचेची खालची चौकट आणि दारांचे तळ लोहचुंबकानं तपासा. चुंबक धरला नाही तिथं पुट्टी आहे. शेवटी बाजूच्या जॅक पॉइंटला जॅक लावून गाडी उचला. दार उघडझाप करताना आता अडकू लागलं किंवा फट बदलली, तर सिल गेला. तिथं भाव करत बसू नये, सरळ दुसरी गाडी बघावी. ३५ लाखांहून जास्त बनल्या आहेत, इटलीत चांगली गाडी अजून मिळते.

इटलीतच घेणार असाल तर कागद पत्र्याइतकेच नीट वाचा. 'लिब्रेत्तो', म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, त्यावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे, आणि इंजिन नंबरची सुरुवात मॉडेलला साजेशी हवी: पहिल्या गाड्यांना ११०, डीला ११०डी, एफ आणि एलला ११०एफ, आरला १२६ए. मूळ काळी नंबर प्लेट असेल तर किंमत वाढते. तीस वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक मालकी कर नाही, पण दर दोन वर्षांची 'रेविझिओने' तपासणी चुकत नाही. सरकारी नोंदवहीतून नाव कमी झालेली गाडी स्वस्तात दिसते. ती पुन्हा नोंदवायचा खर्च आणि खेटे धरले तर स्वस्त राहत नाही.