एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास: कुठल्या महिन्यात काढायचा आणि कुठल्या महिन्यात नाही (साताऱ्यातून)

आधी निकाल सांगते मग बाकीचं. पास चांगला आहे, पण सगळ्यांसाठी नाही आणि बारा महिने तर अजिबात नाही. लांब फिरणाऱ्या गड्यासाठी एकदम भारी, बायकांना बहुतेक वेळा गरजच नाही, आणि घरात कोणी पंच्याहत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांच्या नावाने पास काढायचा विचारही करू नका, त्यांचं तिकीट तसंही फुकट आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन पास मिळतात, स्टँडवर पासच्या खिडकीवर. साध्या गाड्यांचा वेगळा आणि शिवशाहीचा वेगळा, शिवशाहीचा महाग. एकदा काढला की तेवढे दिवस कुठेही चढा कुठेही उतरा. दर मधे मधे बदलतात म्हणून मी इथे आकडा लिहीत नाही, पद्धत सांगते, ती दर बदलला तरी चालेल. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, एक टप्पा ६ किलोमीटरचा, आणि जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली तेव्हापासून साध्या गाडीला टप्प्याला दहा रुपयांच्या किंचित वर पडतात. म्हणजे किलोमीटरला सहाने भागा, दहाने गुणा, झालं तुमचं तिकीट. सगळ्या फिरण्याची बेरीज अशी कागदावर करायची आणि मग खिडकीवर पासचा दर विचारायचा, बेरीज जास्त आली तरच पास. खिडकीवर उभं राहून हिशोब करू नका, मागे लाईन असते आणि मग माणूस घाईत घेऊन टाकतो.

आता खरी गंमत सवलतींची आहे आणि हे कोणी नीट सांगत नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, सगळ्या गाड्यांना, साधी काय शिवशाही काय. त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना फुकट, आणि ६५ ते ७५ ला अर्धं. पोरांना ५ ते १२ पर्यंत अर्धं. पास मात्र बाईमाणसाने काढला तरी पूर्ण दरातच. मग आमच्यासारख्या घराचा हिशोब बघा, सासूबाई फुकट, मी अर्धी, पोरगं अर्धं, उरले फक्त हे. पूर्ण तिकीट भरणारा घरात एकच माणूस, त्यामुळे पास काढायचाच झाला तर एकच. आमच्या शेजारच्या काकूंनी चौघांचे चार पास काढायचे ठरवले होते, मी म्हटलं काकू थांबा जरा, कागद आणा. सासूबाईंचं तर म्हणणं एकच, "अगं सरकार न्यायला तयार आहे तर बसून कशाला राहायचं?" एक लक्षात ठेवा, ह्या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच, गोवा किंवा बेळगावला निघालात तर हद्दीपलीकडचं तिकीट पूर्ण लागतं.

आता महिन्यांचं. माझं स्वतःचं मत पक्कं झालंय की स्वस्त जागा असं काही नसतं, स्वस्त वेळ असते. तेच महाबळेश्वर मे महिन्यात खिसा कापतं आणि फेब्रुवारीच्या मंगळवारी परवडतं.

जुलै ते सप्टेंबर पासच्या भानगडीत पडूच नका, सप्टेंबरची एक अजिंठा वेरूळची सहल सोडली तर, ती खाली सांगते. ह्या दिवसांत आपला जिल्हाच एवढा सुंदर असतो की पुण्या-मुंबईचे लोक पैसे खर्चून इकडे येतात आणि आपण बाहेर कशाला जायचं. ठोसेघरचा धबधबा, सज्जनगड, कासचं फुलांचं पठार सगळं शहरापासून पंचवीसेक किलोमीटरच्या आत, म्हणजे चार-पाच टप्पे, पन्नास रुपयाच्या आसपास, बायकांना त्याच्या निम्मे. कास २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हापासून गर्दीला सुमार नाही, प्रवेशाला मर्यादा आहे, बुकिंग आधी करावं लागतं. शनिवार रविवार यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची जी रांग लागते ती बघून अर्धा उत्साह जातो. मधल्या वारी जा, सकाळी लवकर. आणि नुसतं लांबून फोटो काढून परत फिरू नका, वाटेच्या कडेला खाली वाकून बघा, सीतेची आसवं म्हणून जे निळं जांभळं फूल आहे ते नखाएवढं असतं, त्याच्या शेजारी तेरड्याचा गुलाबी, मधेच मिकी माऊसचा पिवळा ठिपका, आणि खाली सगळीकडे वीतभर मातीचा थर आणि लगेच कातळ. एवढ्याशा मातीत हे सगळं उगवतं म्हणून वाट सोडून फुलांत पाय टाकू नका, कळकळीची विनंती आहे.

पावसाने कंटाळलात तर आणखी एक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हणजे ऑगस्टमधे पश्चिमेला धो धो चालू असेल तेव्हा पूर्वेला तोंड करायचं. औंधला यमाईचा डोंगर आणि तिथलं भवानी संग्रहालय, औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ ला उभं केलेलं, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि आपल्या साताऱ्यातल्या निम्म्या लोकांनी ते बघितलेलं नाही. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. शिखर शिंगणापूरपण ह्याच दिवसांत करा, डोंगर हिरवे असतात आणि ऊन नसतं. चैत्रात यात्रा असते तेव्हा भक्तीने जाणाऱ्यांनी जरूर जावं पण निवांत बघायचं असेल तर श्रावण संपल्यावर.

पास खरा वसूल होतो तो अजिंठा वेरूळला, आणि तोसुद्धा पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरमधे. तिकडे आपल्यासारखा पाऊस नसतो, पण डोंगर हिरवे असतात, अजिंठ्याच्या खाली वाघूर नदीला पाणी असतं आणि ऊन सहन होतं. उन्हाळ्यात तिथे दगड तापतात, म्हाताऱ्या माणसाला नेऊच नये. सातारा ते संभाजीनगर साधारण साडेतीनशे किलोमीटर, तिथून अजिंठा शंभर, वेरूळ तीस. जाऊन येऊन सगळं धरलं तर साडेनऊशेच्या पुढे जातं, म्हणजे एकशे साठ टप्पे, पूर्ण तिकिटाने सोळाशेच्या वर. इथे ह्यांचा पास काढला, माझं अर्धं तिकीट आठशेच्या आसपास. आणि वार बघून जा बाबांनो, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. चार दिवसांच्या पासमधे एक दिवस असा गेला तर पासचा फायदा तिथेच संपला. म्हणून बुधवारी निघायचं, गुरुवार शुक्रवार लेण्या, शनिवारी परत. ह्या हिशोबाने हॉटेलसुद्धा रविवारपेक्षा स्वस्त मिळतं.

दिवाळीत कुठेच जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. एसटीलाही २०२३ च्या दिवाळीत १० टक्के हंगामी भाडेवाढ लागली होती, आणि खासगी गाड्यांचं तर विचारूच नका, एका खासगी बसवाल्याने आमच्याकडून नेहमीच्या अडीचपट घेतले आणि वर मधेच गाडी बदलायला लावली. दिवाळी घरी करा, फराळ खा, आणि मग तुळशीचं लग्न झालं की पिशव्या भरा.

कारण तुळशीच्या लग्नापासून २० डिसेंबरपर्यंतचे जे दिवस आहेत ना ते माझ्या मते वर्षातले सगळ्यात चांगले आणि सगळ्यात स्वस्त. कोकणात जायचं. आपल्याला मुंबईवाल्यांसारखं लांबून यायचं नाही, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढे गुहागर, सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटर. पहाटेची गाडी धरा. पाटणपर्यंत स्वेटर, कानटोपी, खिडक्या घट्ट बंद. कोयनानगरला उतरून चहा घेताना पेल्याभोवती दोन्ही हात धरावे लागतात. मग घाट सुरू होतो, आणि निम्मा घाट उतरल्यावर कोणीतरी पहिली खिडकी सरकवतं, हवा ओलसर गरम लागते, पोफळी येईपर्यंत सगळ्यांचे स्वेटर मांडीवर आलेले असतात. दोन तासात दोन ऋतू. हे गाडीची काच लावून एसीत जाणाऱ्याला कळणार नाही.

गुहागरला किनारा लांबच लांब, व्याडेश्वराचं देऊळ गावातच, घरगुती राहायची सोय आहे आणि जेवण घरचं. फोन करून आधी भाव ठरवा, मधल्या वाराचे सांगा, लोक कमी करतात. तेच २५ डिसेंबरला गेलात तर तीच खोली वेगळ्याच भावात आणि मासळीपण महाग. नुसतं गुहागर करून परत यायचं असेल तर जाऊन येऊन साठ टप्पेसुद्धा होत नाहीत, सहाशेच्या आत काम होतं, पास नको. पण गुहागरवरून गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण असं खाली खाली सरकत कोल्हापूरवरून परत यायचं असेल तर मात्र सात दिवसांचा पास गड्यासाठी नक्की काढा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, डिसेंबरमधे मस्त चालू.

जानेवारी विदर्भासाठी. लोणार, सेवाग्राम, चिखलदरा, हे सगळं थंडीतच करायचं, एप्रिलनंतर तिकडे भाजून निघतो माणूस. पण इथे मी पासच्या बाजूने नाही. आपल्या सातारा स्टेशनवरून कोल्हापूर गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस जाते, स्लीपरला झोपून अकोला, वर्धा, नागपूर काहीही गाठा आणि पुढे तिथली एसटी धरा. एवढं अंतर बसून जाण्यात पाठीचे हाल आहेत, पैसे वाचले तरी दोन दिवस अंथरुणात जातील. लोणारचं सरोवर उल्केने झालेलं, आपल्या काळ्या कातळात, २०२० ला रामसर यादीत गेलं. पोरांना भूगोलात असतं ते एकदा डोळ्यांनी दाखवा.

फेब्रुवारीत महाबळेश्वर, जे मी वर म्हटलं. परीक्षा जवळ आलेल्या असतात म्हणून कुटुंबवाले कमी, स्ट्रॉबेरी मात्र भरात, थंडी हवीहवीशी. भिलारला उतरा, २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं ठेवलीत, कुठल्याही अंगणात बसून वाचा, कोणी पैसे मागत नाही. आमच्या सासूबाई तिथे एका ओसरीवर बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या, शेवटी त्या घरच्या वहिनींनी चहा आणून दिला.

मे महिन्यात ज्यांना महाबळेश्वरच पाहिजे त्यांनी मुक्काम खाली वाईला किंवा साताऱ्यात पाहुण्यांकडे करावा आणि दिवसभरासाठी वर जाऊन यावं. साताऱ्यातून मेढा केळघरवरून पंचावन्न किलोमीटर आहे, शंभर रुपयाच्या आत तिकीट, सकाळी जायचं संध्याकाळी परत. वाईत ढोल्या गणपती आणि जवळच मेणवलीचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, हे पदरात पडतं ते वेगळंच. आणि शक्य असेल तर जूनच्या मध्यापर्यंत थांबा, शाळा सुरू झाल्या की आठवड्याभरात खोल्यांचे भाव खाली येतात.

पासच्या नियमांत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पास म्हणजे जागेची हमी नाही, गाडी भरलेली असेल तर उभं राहायची तयारी ठेवा, म्हणून जिथून गाडी सुटते त्या स्टँडवरूनच चढा. आणि दिवस रात्री बारा ते बारा धरतात, त्यामुळे रात्री दहाला प्रवास सुरू केला तर दोन तासात एक दिवस खर्ची पडला. पहाटे सुरू करा. पास हरवला तर दुसरा मिळत नाही, पाकिटात आधारकार्डाच्या मागे ठेवा, कंडक्टर दोन्ही एकदम बघतात.

सांगली मिरजवाल्यांनी विचारलं होतं म्हणून, तुमचं कोकण कुंभार्लीने नाही, कोल्हापूरवरून आंबा घाटाने रत्नागिरी जवळ पडतं, टप्पे तसे मोजा. महाराष्ट्र एक्स्प्रेस तुमच्याकडूनच येते त्यामुळे विदर्भाचं गणित तेच. आणि सागरेश्वरचं अभयारण्य, दंडोबाचा डोंगर घराजवळ असताना ऑगस्टमधे पास काढू नका.