टाइप १ मधुमेह: टी पेशी चेतल्याची खूण सीडी६९ की सीडी२५?
टी पेशी या रोगप्रतिकारक पेशी; टाइप १ मधुमेहात त्याच शरीराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. सीडी६९ आणि सीडी२५ हे त्यांच्या पृष्ठभागावरचे प्रथिन-रेणू. टी पेशी चेतली की सीडी६९ काही तासांतच तिच्या पृष्ठभागावर दिसू लागतो आणि उत्तेजन थांबलं की लवकर ओसरतो. सीडी२५ उशिरा, साधारण दिवसभराने वाढतो, पण कित्येक दिवस टिकतो. ताजी हालचाल टिपायची तर सीडी६९च बरा.

सीडी२५चं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. तो इंटरल्यूकिन-२ या टी पेशींना वाढवणाऱ्या संदेश-प्रथिनाच्या ग्राहीचा (ते पकडणाऱ्या रेणूचा) भाग. त्याच्या जनुकातले काही फरक टाइप १ मधुमेहाच्या धोक्याशी जोडलेले आहेत. शिवाय दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींवर तो कायमच भरपूर असतो! म्हणून नुसता सीडी२५ मोजून ‘दाह वाढला’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. सोबत फॉक्सपी३, म्हणजे नियामक टी पेशींची ओळख पटवणारं प्रथिन, तपासायलाच हवं. आणि टी पेशींची खरी झुंज चालते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींभोवती. रक्तात तिचे पडसाद थोडेच उमटतात.