एकच संध्याकाळ, चार सिनेमे: कुठला लावायचा?

मामेभाऊ ऐरोलीला राहतो. शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला: "सासूबाई कुडाळहून आल्यात, लेक नऊ वर्षांची, हिला रडका नको, मला झोप येईल असा नको. एकच संध्याकाळ मोकळी आहे. ताई, काय लावू?"

2025 मधले चार मराठी सिनेमे मी ठाण्यात तिकीट काढून पाहिलेत, त्यामुळे नातेवाइकांत हे खातं माझ्याकडे आलंय. त्याला फोनवर सांगितलं तेच इथे, थोडं ऐसपैस.

सगळ्यात बिनधोक म्हणजे 'आता थांबायचं नाय'. मुंबई महापालिकेतले चतुर्थश्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात, ही प्रत्यक्षात घडलेली गोष्ट. 1 मेला लागला होता, शिवराज वायचळचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. रंगमंचावर नाट्यगृह डोक्यावर घेणारा भरत जाधव इथे इतका दबून, खांदे पाडून वावरतो की पहिली दहा मिनिटं मी जुन्या भरतलाच शोधत होते. सिद्धार्थ जाधव हसवतो, ओम भूतकरचा मास्तर छान, आशुतोष गोवारीकरांचे साहेब जरा जास्तच सज्जन. खोट एकच, पण ठळक. रडायचं कुठे हे पार्श्वसंगीत आपल्याला दोन मिनिटं आधीच सांगून ठेवतं. वहिनीला रडका नको असेल तर तिला आधी कल्पना द्या. रडू येतं, फक्त ते दुःखाचं नसतं.

माझ्या शेजारी बाबा होते. ते वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते, 1974 साली रात्रशाळेतून जुनी अकरावी झाले. परीक्षेचा प्रसंग आला तसा त्यांनी पॉपकॉर्नचा पुडा खाली ठेवला आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बीजगणिताच्या पेपरला हाताला ऑइलचा वास येत होता, सुपरव्हायझर सारखा माझ्याकडे बघायचा." एवढ्या वर्षांत हे घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे या सिनेमाबद्दल माझं मत पूर्ण निःपक्षपाती नाही, हे धरून चाला.

आता 'दशावतार'. खरी अडचण इथेच, कारण सासूबाई कुडाळच्या, म्हणजे दशावतार या कोकणी लोकनाट्याच्या मुलखातल्याच. सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा सप्टेंबरमध्ये आला. म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता पुरे, पण तोंडाला रंग लागला की म्हातारा ऐकतोय कुणाचं! दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ऐंशीनंतर हे केलंय. आरशासमोर बसून रंग लावतानाचं त्यांचं थांबणं, बोटाने अंदाज घेणं बघा. एक माणूस उठून दुसराच कुणीतरी बसतो. ज्यांनी गावच्या जत्रेत रात्र जागवलीय, आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, गणपतीनंतर संकासुर कधी येतो म्हणून वाट पाहिलीय, त्यांना अर्धा सिनेमा कळायला संवादसुद्धा लागत नाहीत. आमच्या शोला मागच्या रांगेत एक आजोबा पेटीचे सूर सुरू झाले की मांडीवर ठेका धरत होते. कुणी त्यांना 'शू' केलं नाही.

पण उत्तरार्ध? तिथे माझं आणि माझ्या मैत्रिणींचं भांडण आहे. कलावंताची गोष्ट चालता चालता सुडाची होते, खलनायक एकजात कागदी, आवाज वाढतो. मैत्रिणी म्हणतात, कोकणात डोंगर पोखरणाऱ्यांबद्दल एवढ्या मोठ्याने बोलायलाच हवं होतं. असेल. मला मध्यंतरापर्यंतचा बाबुली पुरेसा होता. शिवाय हा मोठ्या पडद्याचा सिनेमा. रात्रीचं रान, मशाली, रंग हे सगळं बत्तीस इंची टीव्हीवर काळपट दिसणार. घरी बघायचाच तर दिवे मालवून बघा आणि नऊ वर्षांची पोरगी मध्यंतरानंतर आतल्या खोलीत पाठवायची तयारी ठेवा.

'जारण' तर तिच्यासमोर लावूच नका. हृषीकेश गुप्ते यांनी करणी आणि मनाचा आजार यांच्यामधल्या फटीत गोष्ट ठेवलीय आणि शेवटपर्यंत ती फट बुजू दिलेली नाही. चौघांत पटकथा सर्वांत घट्ट याचीच. अमृता सुभाष अंगावर येते. अनिता दातेला मात्र मी अजून विसरलेले नाही. मी रात्रीचा शो पाहून घोडबंदर रोडवर रिक्षा शोधत उभी होते, तेव्हा कुणीतरी मागून "मॅडम" म्हटलं आणि मी किंचाळले. बिचारा रिक्षावालाच होता. पोरं झोपल्यावर दोघांनी बघावा असा सिनेमा.

राहिला 'स्थळ'. मला चौघांत हाच सर्वांत आवडला आणि तरी त्या संध्याकाळी लावू नकोस असंच मी भावाला सांगितलं. जयंत सोमलकरांनी चंद्रपूरकडच्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलाय. सविता नावाची शिकणारी मुलगी, बापाचा कापूस आणि बघायला येणारे पाहुणे. पुन्हा तेच पोहे, पुन्हा तेच प्रश्न: नाव, उंची, शिक्षण, आवड. हे इतक्या वेळा होतं की आपल्यालाच उठून जावंसं वाटतं, आणि दिग्दर्शकाला नेमकं तेच हवंय. सुरुवातीला सवितेला पडणारं स्वप्न, ज्यात बायका बसून मुलाला प्रश्न विचारतात, त्यावर थेटरात हशा पिकला. नंतर तेच प्रश्न तिला विचारले गेले तेव्हा कुणी हसलं नाही. थेटरात म्हणजे अकरा जण, मी मोजले होते. एकच शो, तोही सकाळी 9.40 चा. दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान मराठीला एक खेळ द्यायचा नियम 2015 पासून आहे, पण तो खेळ ज्याला गर्दी त्याच मराठी सिनेमाला मिळतो. सासूबाई, जावई, लेक अशा भरल्या घरात 'स्थळ' लावला तर सगळे एकमेकांची नजर चुकवत बसतील. वहिनीने एकटीने बघावा, किंवा लग्नाचं बघायला सुरुवात झालेल्या घरात आईबापांनी.

तर भावाला म्हटलं, 'आता थांबायचं नाय' लाव. त्याने लावला. रात्री अकराला फोन आला की लेकीला आवडला, ही रडली, तो जागा होता.

"आणि सासूबाई?"

"त्या म्हणाल्या, बरो आसा. आणि मग विचारलं, तो दशावतारी म्हाताऱ्याचो खंय लागता?"

आता साडेअकराला त्यांनी तो लावलाय. लेक आतल्या खोलीत जायला तयार नाही.