गरम इंजिन दाखवून गळ्यात मारलेली डिझेल गाडी

२०२३ च्या दिवाळी पाडव्याच्या चार दिवस आधी मी छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून २०१२ ची स्विफ्ट डिझेल घेतली. तीन लाख दहा हजाराला. बरेचसे पैसे सोयाबीनचे, आणि पन्नास हजार बायकोने बचत गटातून उचललेले. हौसेसाठी गाडी घेतली नव्हती. आमचं गाव केज तालुक्यात, आणि वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, डायलिसिस आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला. पहाटेच्या एसटीत उभं राहून जाणं त्यांना झेपेनासं झालं होतं.

दुकानदाराचं बोलणं गोड. "पुण्याच्या डॉक्टरची गाडी आहे, सर. अठ्ठ्याहत्तर हजार चाललीय फक्त. फियाटचं इंजिन, टायमिंग बेल्टची भानगडच नाही, चेन आहे. चेनला आयुष्यभर हात लावायचा नाही." हे शेवटचं वाक्य मी गावी येऊन चार जणांना सांगितलं. तेच मला सगळ्यात महागात पडलं. (टायमिंग चेन म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारी इंजिनातली साखळी; काही इंजिनांत तिच्या जागी बेल्ट असतो.)

दुकानदाराने त्या इंजिनाबद्दल सांगितलेलं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून तर माझा विश्वास बसला. १२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन मूळ फियाटचं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारा पंखा), कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून दाबाने डिझेल). भारतात २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं. स्विफ्टमध्ये ४००० आरपीएमला ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. दोन हजाराच्या खाली ते सुस्त वाटतं, टर्बो लागला की खेचतं. तेव्हा पिकअप उशिरा येतो म्हणून गाडी लगेच खराब समजू नका. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे आज बाजारात यातली जी गाडी मिळेल ती जुनीच असणार. नीट सांभाळलं तर इंजिन खरंच लांबचं आहे. आमच्याच तालुक्यात दोन-अडीच लाख किलोमीटर झालेल्या डिझायर भाड्याने पळतात.

पण 'नीट सांभाळलं तर' हे शब्द विकणारा कधी उच्चारत नाही.

मी दुकानात पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती. "तुम्ही यायच्या आधी जरा धुऊन फिरवून आणली," तो म्हणाला. मी बोनेट उघडलं, बोनेटला हात लावला, गरम होतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आवाज मऊ. धूर नाही. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल मधासारखं पिवळं, स्वच्छ. माझ्या मनात आलं, बघा, किती निगा राखलीय. आज कळतं की डिझेल इंजिनातलं ऑइल काजळीमुळे काहीशे किलोमीटरमध्येच काळं पडतं. ऑइल मधासारखं आहे याचा अर्थ एवढाच की ते काल-परवा भरलंय. कशासाठी भरलंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

घरी आलो, बायकोने गाडीला ओवाळलं. आण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "गार असताना सुरू करून बघितलीस का?"

आण्णांनी पंचवीस वर्षं विहिरीवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन हँडल मारून चालवलंय. सकाळचा पहिला आवाज ऐकून ते सांगायचे की आज पाणी किती वेळ चालेल. मी म्हणालो, "आण्णा, आता कॉम्प्युटरच्या गाड्या आहेत, तसलं काही नसतं." ते गप्प बसले. ही गोष्ट मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल मारली तर पुढच्या बाजूने, पट्ट्याकडच्या अंगाने, साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखड आवाज. दोन-तीन सेकंद, आणि बंद. डिझेल आहे, असेल, म्हणून सोडून दिलं. डिसेंबरात थंडी वाढली तसा तो आवाज पाच-सहा सेकंदांवर गेला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "थंडीत सगळ्याच डिझेलला आवाज यायलाय, सर. चालवत राहा."

जानेवारीत एका पहाटे चंदनसावरगावच्या अलीकडे चढाला गाडीने एकदम ठोका दिला आणि बंद पडली. पुन्हा सेल मारली तर इंजिन मोकळंच फिरल्यासारखं गरगर फिरलं. आण्णा मागे शाल पांघरून बसलेले, डायलिसिसची पाळी सातची. दुधाच्या एका पिकअपवाल्याने त्यांना पुढे बसवून दवाखान्यात पोचवलं. तो माणूस पैसे घ्यायला तयार नव्हता.

गाडी ओढून अंबाजोगाईत एका मिस्त्रीकडे नेली. त्याने वरचं कव्हर उघडलं आणि मला जवळ बोलावलं. कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) खालचे बोटाएवढे रॉकर, म्हणजे व्हॉल्व दाबणारे तुकडे, त्यातले पाच मधोमध तुटलेले. हेड उतरवल्यावर वाकलेले व्हॉल्वही निघाले. टायमिंग चेन ढिली होऊन दाते सोडून उडाली होती. तिने दाते सोडले की व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ चुकते आणि ते एकमेकांवर आदळतात.

मग त्याने चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खाली घेतला. आतल्या ऑइलचा थेंब बोटांत घेऊन ताणून दाखवला. "हे ट्रॅक्टरसारखं जाड ऑइल भरलंय हो. या इंजिनाला ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल लागतं." तळाशी काळा गाळ बसलेला, बोटाने खरवडला तर डांबरासारखा. ऑइल ओढणाऱ्या जाळीची निम्मी भोकं बुजलेली.

हे सगळं कसं जुळतं ते त्याने मला समजावून सांगितलं, आणि ते मी इथे मुद्दाम सविस्तर लिहितोय. या इंजिनात चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा कमी पडू दिलं, की काजळीचं ऑइल चेनच्या कड्या आणि पिना झिजवतं. एकेक कडी केसभर झिजली तरी पूर्ण चेन लांब होते. जाळी बुजली की टेन्शनरपर्यंत दाब उशिरा पोचतो, आणि तेवढा वेळ सैल चेन कव्हरला आपटते. सकाळची खडखड ती हीच. इंजिन गरम झालं, दाब भरला की आवाज बंद. जाड ऑइल भरलं की गरम इंजिनाचा आवाज आणखी मऊ होतो, धूरही दबतो, पण थंडीत तेच ऑइल वर चढायला आणखी वेळ लावतं. म्हणजे दुकानदाराने आवाज लपवायला जे केलं, त्यानेच माझ्या गाडीचं मरण जवळ आणलं. चेन आहे, बेल्टसारखी ठरलेल्या किलोमीटरला बदलायची नाही, हे खरं. पण चेनचं आयुष्य ऑइलवर आहे, हे अर्धं वाक्य त्याने गिळलं.

मिस्त्रीने आणखी एक दाखवलं. चावी 'ऑन'वर ठेवली तर मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागतच नव्हता. चांगल्या गाडीत चावी फिरवली की तो पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. माझ्या गाडीत तो मुळातच मारून ठेवला होता. मी दोन-अडीच महिने 'एकही दिवा लागत नाही' म्हणून समाधानी होतो.

नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर दिला. शेवटची नोंद २०१९ ची, एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर. मला विकताना मीटरवर अठ्ठ्याहत्तर हजार. पुढच्या चार वर्षांत ती किती पळाली, देव जाणे. पायडलची रबरं नवी होती, हे घेतानाच मी पाहिलं होतं आणि आनंदाने पाहिलं होतं. अठ्ठ्याहत्तर हजारात रबरं बदलायची वेळ का आली, हे विचारलं नाही.

दुरुस्तीला अडुसष्ट हजार गेले. हेडचं काम, व्हॉल्व, सगळे रॉकर, चेन, टेन्शनर, गाइड, वरून ऑइल पंपाची सफाई. डिझेल फवारणारी एक नोझलही बदलावी लागली. ती बदलली की तिच्यावरचा कोड स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो, नाहीतर इंजिन थरथरतं. स्कॅनर नसलेल्या मिस्त्रीकडे या गाडीची नोझल बदलू नका.

दुकानदाराने हात वर केले. डिलिव्हरीच्या कागदावर बारीक अक्षरात 'गाडी आहे त्या स्थितीत' असं छापलेलं, खाली माझी सही. इंजिनाची एक वर्षाची गॅरंटी तोंडी होती. पण त्याच्या जाहिरातीतला मीटरचा फोटो आणि 'जेन्युइन ७८०००' हा मेसेज माझ्या मोबाइलमध्ये होता. तो पुसला नाही, हे नशीब. वकिलामार्फत नोटीस दिली, मग बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. तारखा चालू आहेत. तुटलेले रॉकर आणि जुनी चेन मी मिस्त्रीकडून मागून घेतली, पिशवीत बांधून कपाटात ठेवलीय. तुमच्यावर वेळ आली तर जुने पार्ट भंगारात जाऊ देऊ नका.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, हेही मला नंतर कळलं. ते पत्र दाखव म्हणायला दोन मिनिटं लागली असती.

कुणी अशी गाडी बघायला जाणार असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा की सकाळी मी यायच्या आधी सेल मारायची नाही. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर चहा प्या, दोन-चार तास थांबा, नाहीतर परत या. सुरू करताना तुम्ही बोनेटजवळ उभे राहा आणि सेल दुसऱ्याला मारू द्या. मग ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. तिथून भकाभक धूर फेकत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली गळतोय. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि इसार देण्याआधी चासी नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढून घ्या. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याच पावली मागे फिरा.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. विकायला काढली तर सगळं खरं सांगून विकावी लागेल, आणि खरं सांगितल्यावर कोण घेणार. ऑइल आता दर आठ हजार किलोमीटरला बदलतो, डिपस्टिक दर रविवारी पाहतो, घरी पोचल्यावर टर्बोसाठी मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे आण्णा काठी टेकत बाहेर येतात, पण लगेच आत बसत नाहीत. पुढच्या चाकाजवळ उभे राहतात आणि हात वर करतात.

"मार आता," म्हणतात, आणि कान बोनेटकडे लावतात.