कुत्र्याला घरचं शिजवलेलं द्यायचं की ड्राय फूडच चालू ठेवायचं?

मैत्रिणीचा कुत्रा सारखा पंजे चाटतो, बोटांमधले केस लालसर तपकिरी झालेत, शीही पातळ. ती विचारत होती, घरचं जेवण सुरू करू का?

पोटाचं म्हणशील तर शिजवलेलं चिकन-भात पचायला हलकं, बिघडलेलं पोट दोन-चार दिवसांत सावरतं बऱ्याचदा, पण कायमचं तेवढंच दिलं तर कॅल्शियम कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नावाला. पिल्लांच्या हाडांवर याचा फार वाईट परिणाम होतो. चांगल्या ड्राय फूडमध्ये हा हिशोब आधीच केलेला असतो.

पंजे चाटायला लावणाऱ्या खाजेचं जरा वेगळं आहे. नुसतं घरी शिजवलं म्हणून खाज जात नाही, ॲलर्जी चिकनचीच असेल तर घरचं चिकनही खाजवणारच! आधी पिसवा बघ. मग ॲलर्जी कशाची ते शोधायला आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रोटीन (म्हणजे एकाच प्रकारचं मांस किंवा मासे) निदान 8 आठवडे द्यायचं, मधे बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. इथे घरचं जेवण खरंच भारी, कारण आत काय गेलं ते आपल्याला माहीत असतं.

मेहनत आणि खर्च घरच्यात जास्त, मोठ्या कुत्र्याला तर खूपच. कांदा, लसूण, मनुका अजिबात नको. बदल 7-10 दिवसांत हळूहळू.

पिल्लू असेल किंवा रोज शिजवायला वेळ नसेल तर ड्राय फूडच बरं. ॲलर्जी शोधायची असेल आणि व्हेटकडून सप्लिमेंटसकट रेसिपी लिहून घेणार असशील तर घरचं.